मालकीणबाई बाहेरगावी

जयतीर्थराव हेब्बळीकरांची गाडी ढकलायला सात माणसं होती. तीन पेन्शनर, एक वकील, एक बसवरचा निवृत्त ड्रायव्हर, एक दूधवाला आणि एक वाटसरू. आपण ही गाडी का ढकलतोय, हे त्या वाटसरूला शेवटपर्यंत कळलं नाही. "आता होते बघा सुरू, अजून थोडी," असं म्हणत म्हणत त्यांनी ती मळमड्डीतून थेट धारवाड स्टेशनच्या आवारात आणून सोडली. तिथल्या हमालानं गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "पार्सलनं पाठवायचीय काय री, साहेब?"

जयतीर्थराव स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी समोर बघितलं आणि काही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

गाडी आटोमॅटिक होती. तिला क्लच नव्हता, गियर ती आपली आपण बदलायची. अशी गाडी ढकलून सुरू होत नाही. हुबळीजवळच्या उणकलपर्यंत ढकलली असती तरी झाली नसती. बाकी जगाला हे ठाऊक असेल. मळमड्डीतल्या त्या गल्लीत नव्हतं. जयतीर्थरावांना ते आठवड्याभरानं कळलं, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुळात काम एवढंसं होतं. गाडी सन दोन हजार सालची. रजिस्ट्रेशनला पंधरा वर्षं अकरा फेब्रुवारीला पुरी होत होती. त्याआधी आरटीओ ऑफिसात नेऊन तपासून घेतली तर आणखी पाच वर्षं मिळणार, नाहीतर भंगार. बंगळूरहून मुलगी सरस्वती फोनवर म्हणाली होती, "बाबा, देऊन टाका की. दीड वर्ष नुसती उभी आहे. तुम्ही कुठं चालवता?" ते खरंच होतं. गाडी चालवायच्या त्या श्यामलाबाई, जयतीर्थरावांच्या पत्नी. कलघटगीच्या हायस्कुलात त्या गणित शिकवायच्या. लहानपणीच्या दुखण्यानं त्यांचा डावा पाय अधू होता, क्लच दाबणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ही गाडी घेतली. तेरा वर्षं त्या रोज कलघटगीला जाऊन आल्या. जयतीर्थराव सुटीच्या दिवशी शेजारी बसायचे, इतकंच. श्यामलाबाई गेल्या आणि गाडी अंगणात पारिजातकाखाली उभी राहिली.

"भंगारात नको," जयतीर्थराव म्हणाले.

"का पण?"

"चांगली चालते."

हे ते अंदाजानं बोलले होते.

अर्ज आणायला ते आरटीओ ऑफिसात गेले. खिडकीत शेषगिरी नावाचे क्लार्क होते. चष्म्याच्या वरून बघणारे, पण तसे भले गृहस्थ. त्यांनी गाडीचं पुस्तक उघडलं.

"मालक श्यामला जयतीर्थ हेब्बळीकर. तुम्ही?"

"मी त्यांचा नवरा."

"मालकांची सही लागते, फोटो लागतो. त्या स्वतः आल्या पाहिजेत. कुठं आहेत?"

आता इथं सरळ उत्तर द्यायचं होतं. जयतीर्थरावांनी सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं काढली होती, आणि कुणाच्या बांधाचा एक हात कधी इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. पण रेशन कार्डावरचं नाव कमी करून झालं होतं. बँकेतलं झालं होतं, ग्यासच्या पुस्तकावरचं झालं होतं. प्रत्येक ठिकाणी खिडकीपलीकडचा माणूस पट्टी घेऊन त्या नावावर एक आडवी रेघ ओढायचा, आणि जयतीर्थराव ती रेघ सरळ येते की नाही हे बघत उभे राहायचे. गाडीचं हे पुस्तक एवढं एकच राहिलं होतं.

"बाहेरगावी आहेत," ते म्हणाले.

"कधी येणार?"

"नक्की नाही."

"अकरा तारखेच्या आत बोलावून घ्या म्हणजे झालं. आणि गाडी आणा. इन्स्पेक्टर चालवून बघतात."

जयतीर्थराव बाहेर आले आणि ऑफिसच्या पायरीवर थोडा वेळ बसले. साठी ओलांडल्यावर सरकारी खिडकीत खोटं बोललो, आणि तेही तीन आठवड्यांत उघडं पडणारं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. मग त्यांनी असं ठरवलं की आधी गाडीचं बघू, खिडकीचं नंतर. माणूस असंच करतो. अवघड काम पुढं असलं की त्याच्या शेजारचं काम हातात घेतो.

त्या शेजारच्या कामाची सुरुवात म्हणजे ती ढकलण्याची सकाळ. बॅटरी उतरलेली होती. शेजारचे विठ्ठलराव वकील म्हणाले, "बॅटरी कशाला? धक्का मारू. माझी फियाट मी अकरा वर्षं धक्क्यावर चालवली." विठ्ठलरावांनी कोर्टातल्या केसेसही बहुतेक अशाच चालवल्या होत्या. शेवटी स्टेशनसमोरच्या दुकानातून नवी बॅटरी आणली, तिथंच बसवली, आणि किल्ली फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली. ढकलणाऱ्या सातांनी टाळ्या वाजवल्या. वाटसरूनं सर्वांत जोरात वाजवल्या आणि तो निघून गेला.

जयतीर्थरावांनी दांडा 'डी'वर टाकला. इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही. मग दहा आकडे मोजून होईपर्यंत थांबून तिनं एक हिसका दिला आणि ती निघाली. घरी येईस्तोवर असे चार हिसके बसले. त्यांतले दोन तिच्या अंगचे होते आणि दोन जयतीर्थरावांच्या डाव्या पायाचे. त्यांचं लायसन खात्याच्या जीपवर काढलेलं. डावा पाय क्लच शोधायचा, तिथं क्लच नसायचा, ब्रेक सापडायचा आणि पाय तोच दाबायचा.

"ही रुसलीय," शेजारच्या अंबूताई कुंपणावरून म्हणाल्या. अंबूताईंचं वय पंचाहत्तर, आणि गल्लीतल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्यांचं काही ना काही मत असे. "श्यामला गेल्यापासून दोन खंडेनवम्या गेल्या. हिला कुंकू नाही, लिंबू नाही, हार नाही. यंत्र झालं म्हणून काय झालं?"

"अंबूताई, आमच्याकडे वर्षभर सण नव्हता."

"तुमच्याकडे नव्हता. गाडीला सुतक कशाचं?"

अंबूताईंनी चार लिंबं आणून चार चाकांखाली ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या पुढं." जयतीर्थरावांनी 'डी'वर टाकली. दहा आकडे होऊन गेले, गाडी हलली नाही, लिंबं अखंड राहिली. तेव्हा बसचे निवृत्त ड्रायव्हर महादेवअण्णा पुढं झाले. त्यांनी बसवर एकतीस वर्षं काढलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, गियर बॉक्सची मोजायची काडी ओढून काढली, बोटावर तेल घेतलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"हे तेल आहे? हा कषाय आहे कषाय, आजाऱ्याचा काढा. पाण्यासारखं पातळ. बसच्या गियरातलं तेल कसं असतं, मधासारखं. बोट बुडवलं तर बोट सोडत नाही. यात दमच नाही, गाडी चालणार कशी?"

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. महादेवअण्णा स्वतः सायकलवरून जाऊन नव्वद नंबरच्या तेलाचा डबा घेऊन आले आणि काडीच्या भोकातून सबंध डबा आत ओतला. तेल हळूहळू उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर तीर्थ देणाऱ्या आचार्यांचा भाव होता.

त्यानंतर गाडी पुढं जायची बंद झाली. हिसका नाही, आवाज नाही, काहीच नाही. मागं मात्र जात होती, झकास.

ही गोष्ट त्यांना गल्लीच्या टोकाला कळली. महादेवअण्णांनी तेल ओतल्यावर गाडीनं एकवार जोर करून तिथपर्यंत मजल मारली होती. आता परत घरी न्यायची तर एकच मार्ग. जयतीर्थरावांनी मान वळवून उलट्या गाडीनं सबंध गल्ली पार केली. विठ्ठलराव मागून, म्हणजे आता पुढून, चालत होते आणि "डावीकडं घ्या, तुमच्या डावीकडं, नाही, माझ्या," असं सांगत होते. शाळेतून येणाऱ्या मुली थांबून बघत होत्या. एका घराच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं जयतीर्थरावांना रोजच्यासारखा नमस्कार केला, आणि जयतीर्थरावांनी मान मागं ठेवूनच एका हातानं तो घेतला. माणसानं चौतीस वर्षांत मिळवलेली अब्रू किती वेळात जाते, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं. साडेतीन मिनिटं.

त्या संध्याकाळी सरस्वतीचा फोन आला.

"बाबा, केदारीमामांकडे का नाही नेली?"

"कोण केदारी?"

"आई न्यायची ना दर वेळी. हुबळीला, कोप्पीकर रोडच्या मागच्या बोळात. तुम्हाला ठाऊक नाही?"

जयतीर्थरावांना ठाऊक नव्हतं. तेरा वर्षं आपल्या बायकोची ज्याच्याकडे ये-जा होती असा एक मनुष्य हुबळीत आहे, आणि आपण त्याचं नावही ऐकलेलं नाही. ते थोडे दुखावले. मग आठवलं, की "गाडी दाखवून येते" असं त्या सांगायच्या खऱ्या. आणि आपण पेपरातून डोकं वर न काढता "बरं" म्हणायचो. कुणाला, हे विचारलं नव्हतं.

आता हुबळीला न्यायची कशी? विठ्ठलरावांचा एक जुना पक्षकार, बाळाप्पा, कलघटगीहून ट्रॅक्टर घेऊन धारवाडच्या बाजारात आला होता. तो परतताना हुबळीवरूनच जाणार होता. दोरानं बांधली आणि निघाले. ट्रॅक्टर पुढं, गाडी मागं, गाडीत जयतीर्थराव. दीड तास लागला. नवलूरजवळ एका लग्नाच्या वरातीमागं अडकले, तेव्हा वरातीतल्या कुणीतरी गाडीच्या काचेला अक्षता लावल्या.

केदारी मिस्त्री मूळचे बेळगावचे, पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे. गॅरेजच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पान्यांची ओळ, सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले. त्यांनी गाडी ओळखली. दोर बघितला. ट्रॅक्टर बघितला. त्यांचा चेहरा पडला.

"धारवाडहून ओढून आणलासा?"

"हो."

"पुढची चाकं जमिनीवर ठेवून?"

"मग काय आकाशात ठेवून?" बाळाप्पा म्हणाला.

"आकाशातच ठेवायची असतात!" केदारी ओरडले. मग जयतीर्थरावांचे पांढरे केस बघून त्यांनी आवाज उतरवला. "साहेब, या गाडीच्या गियर बॉक्सात एक पंप असतो. तो इंजिनवर चालतो. तो तेल फिरवतो. इंजिन बंद, की तेल बंद. आणि तुम्ही चाकं फिरवत वीस किलोमीटर आणलीसा. आत सगळं कोरडं फिरलंय. म्हणून तर धक्क्यानंपण सुरू होत नाही ही. धक्का तर मारला नाहीसा ना?"

जयतीर्थराव दोराची गाठ सोडू लागले.

केदारींनी काडी काढली, तेल बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"हे कोण ओतलंय?"

"आमच्या शेजारी एक ड्रायव्हर आहेत."

"बसचे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास." केदारी खाली टायरवर बसले. "टीचरबाई कुठं आहेत? त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही हे केलासा?"

जयतीर्थराव उभेच होते. खिडकीत जे जमलं नव्हतं ते इथं तेलकट जमिनीवर उभं राहून त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. श्यामलाबाई दीड वर्षापूर्वी गेल्या. किडनीचं होतं.

केदारी टायरवरून उठले. मग हात फडक्याला पुसत म्हणाले, "दोन दिवाळ्या आल्या नाहीत, तेव्हा वाटलं गाडी विकली." आतून त्यांची बायको दुर्गव्वा बाहेर आली. केदारींनी तिला कन्नडमध्ये दोन शब्द सांगितले. ती तशीच आत गेली आणि चहा घेऊन आली. जयतीर्थरावांच्या हातात कप देताना ती म्हणाली, "आमच्या मुलीला दहावीचं गणित बाईंनीच घेतलं, अण्णा. याच बाकावर. गाडीचं काम होईपर्यंत."

हेही जयतीर्थरावांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गियर बॉक्स उतरला. पुढं जाण्याच्या प्लेटा वेगळ्या असतात, मागं जाण्याच्या वेगळ्या. पुढच्या जळून काळ्या झाल्या होत्या, मागच्या धडधाकट. केदारींनी त्या वर्तमानपत्रावर मांडून दाखवल्या.

"आधी काय बिघडलं होतं?" जयतीर्थरावांनी विचारलं.

"आधी?" केदारी क्षणभर घुटमळले. "सांगू का साहेब? काहीच नाही. दीड वर्ष उभी होती, तेल थोडं गळालं होतं. नवी बॅटरी, लिटरभर लाल तेल, आणि पाच मिनिटं नुसती चालू ठेवायची. झालं असतं."

एवढं ऐकायला माणसाला छाती लागते. जयतीर्थराव टायरवर बसले. ढकलणारे सात, लिंबं चार, नव्वद नंबरचा डबा, ट्रॅक्टर, वरातीतल्या अक्षता. सगळ्यांनी मनापासून मदत केली होती. कुणी काही केलं नसतं तर गाडी ठीक होती.

मग मत द्यायला पुन्हा सगळे आले. विठ्ठलराव खास बसनं हुबळीला आले आणि म्हणाले, "आटोमॅटिक काढून टाका. साधा गियर बसवा, क्लच बसवा. पंधरा वर्षांच्या आटोमॅटिकवर कोण भरवसा ठेवतो?"

"साधा बसवला तर आरटीओत वेगळी परवानगी," केदारी म्हणाले. "आणि भरवशाचं म्हणाल वकीलसाहेब, तर हा बॉक्स माणसापेक्षा भरवशाचा आहे. तेल मात्र वेळेवर बघायचं. गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर. रंग लाल पाहिजे, वास जळका नको. बाई तर स्वतः हुंगून बघायच्या. एकदा मी म्हटलं, बदलायला नको अजून, चांगलं आहे. तर म्हणाल्या, केदारी, बिघडल्यावर बदलायचं असेल तर मग बघायचं कशाला?"

जयतीर्थरावांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी घरी ऐकलं होतं, गिरणीच्या पट्ट्याबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल. गाडी आटोमॅटिक आहे, म्हणजे ती आपली आपण चालते, असं ते तेरा वर्षं समजत होते. घराबद्दलही त्यांची समजूत साधारण तशीच होती.

बेळगावात तशाच जुन्या गाडीचा एक बॉक्स पडून होता. केदारी जाऊन त्यातल्या चांगल्या प्लेटा घेऊन आले. त्या बसवण्याआधी लाल तेलात भिजवाव्या लागतात. परातीत प्लेटा आणि वर तेल असं बघून दुर्गव्वा म्हणाली, "हरभऱ्यासारखं भिजत घातलंय, सकाळी उसळ करायची काय?" जयतीर्थराव हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असावेत, कारण त्यांना मध्येच खोकला आला.

ते रोज साडेनऊच्या बसनं हुबळीला जात आणि त्या बाकावर बसत. केदारी काम करता करता बोलायचे. श्यामलाबाईंबद्दल जयतीर्थरावांना त्या दहा दिवसांत बरंच कळलं. कलघटगीच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली तर त्या हॉर्न वाजवायच्या नाहीत, काच खाली करून म्हशीशी बोलायच्या. पावसाळ्यात शाळेतल्या चार मुलींना गावापर्यंत आणायच्या. आणि एकदा केदारींनी विचारलं होतं, की साहेब का चालवत नाहीत, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ते शेजारी बसून चालवतातच की."

"असं म्हणाल्या?"

"हसून म्हणाल्या," केदारींनी घाईनं सांगितलं.

अकरा तारखेला तीन दिवस राहिले तेव्हा गाडी पुन्हा रस्त्यावर आली. केदारी शेजारी बसले. "डावा पाय खाली ठेवू नका साहेब. तो खाली राहिला की क्लच हुडकतो. मांडी घालून ठेवा." जयतीर्थरावांनी डावी मांडी घातली, पानावर बसल्यासारखी. 'डी' टाकला. एक आकडा मोजेपर्यंत गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा गियर कधी पडला ते कळलंच नाही. कोप्पीकर रोडच्या गर्दीतून ते एक पाय दुमडून गेले आणि आले. कुणीही थांबून बघितलं नाही. त्यांना फार बरं वाटलं.

आता उरलं होतं खिडकीचं काम. मध्यंतरी ते एकदा तारीख विचारायला गेले होते, तेव्हा शेषगिरींनी आपण होऊन विचारलं होतं, "आल्या का?" आणि जयतीर्थरावांनी नुसती मान हलवली होती. आता पर्याय नव्हता. दहा तारखेला सकाळी त्यांनी मृत्यूचा दाखला खिशात घातला. विठ्ठलरावांनी वारसाचं प्रतिज्ञापत्र सात पानी करून दिलं होतं. त्यातलं दीड पान गाडीबद्दल होतं आणि बाकीचं हेब्बळीकर घराण्याबद्दल. सरस्वतीची संमती टपालानं आली होती. सगळे कागद होते. माणूसच तेवढा तयार नव्हता.

आधी गाडी. इन्स्पेक्टर तरुण होते. शेजारी बसले आणि जयतीर्थरावांच्या पायाकडे बघतच राहिले.

"हे काय? जेवायला बसलात?"

"खाली ठेवला की तो क्लच शोधतो, साहेब. सवय आहे."

"मग चालवा बघू. त्या चढावर थांबवा. आता सोडा ब्रेक. आता घ्या."

चढावर गाडी थांबली. ही गाडी इथून मागं घरंगळली तर सगळं संपलं. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी तिळभरही मागं आली नाही. हळूच पुढं सरकली आणि चढ चढून गेली.

"गियर बदलला का?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बदलला असेल."

"कळलं नाही."

"कळू नये असंच काम आहे ते," जयतीर्थराव म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी कागदावर सही केली. कागद घेऊन जयतीर्थराव खिडकीशी आले. शेषगिरींनी चष्म्यावरून बघितलं.

"गाडी पास. छान. पण मालक? उद्या शेवटचा दिवस. एवढी गाडी दुरुस्त करून घेतलीत, आणि बाईंना एक दिवस येता येत नाही? त्यांना गाडीची काही काळजी आहे की नाही?"

मागं रांगेत सहा-सात माणसं होती. जयतीर्थरावांना क्षणभर राग आला. मग त्यांनी खिशातून दाखला काढला, उलगडला आणि खिडकीतून आत सरकवला.

शेषगिरींनी वाचला. तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्यांनी चष्मा काढला.

"सर," ते हळू म्हणाले, "आधी सांगायचं की हो."

"सांगायला आलो होतो."

शेषगिरींनी मागच्या रांगेला हातानं थांबवलं, उठून कपाट उघडलं आणि एक वेगळा फॉर्म काढला. "याला वेगळा अर्ज असतो. वारसाचा. बसा इथं आत येऊन, खुर्चीवर." फॉर्मचा गठ्ठा जाडजूड होता. जयतीर्थराव त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. म्हणजे इथं असे पुष्कळ लोक येत असणार. त्यांतले किती जण आधी 'बाहेरगावी' म्हणत असतील, कोण जाणे.

'मयत मालकाशी नाते' या रकान्यात त्यांनी 'पती' लिहिलं. शेषगिरींनी जुनं पुस्तक ओढलं, पट्टी लावली, आणि पेन उचलून थांबले.

"बघू नका हवं तर," ते म्हणाले.

"नाही. बघतो."

रेघ सरळ आली.

नवं कार्ड तीन आठवड्यांनी पोस्टानं आलं. अंगणात विठ्ठलराव आणि अंबूताई दोघंही हजर होते. पोस्टमन आला की त्यांना न बोलावता कळत असे. विठ्ठलरावांनी पाकीट फोडलं, कारण ते वकील होते, आणि कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं.

"जयतीर्थ हेब्बळीकर. पत्ता बरोबर. गाडीचा नंबर बरोबर. पाच वर्षं. आणि हे काय? मालक क्रमांक दोन?" त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "म्हणजे तुम्ही दुसरे मालक. जयतीर्थराव, हे चालायचं नाही. दुसरा मालक म्हटलं की गाडीचा भाव पडतो. नवराबायकोत कसलं पहिलं न् दुसरं? एकाच घरातली गाडी. मी आजच अर्ज लिहितो. दोनचा एक करून घेऊ."

"घ्या घ्या करून," अंबूताई म्हणाल्या.

जयतीर्थरावांनी कार्ड हातात घेतलं. श्यामलाबाईंचं नाव कुठं नव्हतं. ते जायचंच होतं. पण आपल्या आधी या गाडीला कुणीतरी होतं, एवढं त्या दोनच्या आकड्यात सरकारी शाईनं लिहून ठेवलेलं होतं, आणि आणखी पाच वर्षं ते तसंच राहणार होतं.

"अर्ज नको, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मी चौतीस वर्षं सरकारी कागद बघितले. त्यांनी एखादा आकडा बरोबर लिहिला, तर त्याला कुणी हात लावू नये."